अळणी, बेचव आणि मजा

नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत बोलल्या जाणाऱ्या दखनी उर्दूत सालनाला 'मजा नाही' असे म्हटले, तर त्याचा अर्थ सालन बेचव झाले, एवढाच असतो. मराठीत 'मजा' ही सहसा सहलीला किंवा लग्नाला येते. शब्द मात्र एकच. फारसीत 'मज़ा' म्हणजे मुळात चव. मराठीत त्याची चव मागे पडली आणि आनंद उरला.

'लज्जत' या शब्दाचा प्रवास नेमका उलट आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ सुख, आनंद. मराठीत तो मुख्यतः जिभेपाशी स्थिरावला.

हा संबंध केवळ निजामी कचेऱ्यांतून आला, असे मानणे बरोबर नाही. या प्रदेशात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, हे खरे. परंतु उदगीरच्या शेजारचे बीदर पंधराव्या शतकातच बहमनी राजधानी झाले होते. शिवाय कचेरीतून हुकूम येतात, चव येत नाही. 'बेचव' हा शब्द याचा चांगला पुरावा होय. त्यातील 'बे' फारसी, 'चव' घरची. आणि तो मराठवाड्यापुरता न राहता सर्वत्र रूढ झाला. परकी शब्द उसना घेणे सोपे. परका उपसर्ग घरच्या शब्दाला जोडण्यासाठी तो उपसर्ग स्वतःचा वाटावा लागतो. फार्शी-मराठी कोश (१९२५) रचणारे माधवराव पटवर्धन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. अशा जोडशब्दांपुढे कोणत्याही शुद्धीवाद्याची पंचाईतच होते.

जुना 'अळणी' संस्कृत 'अलवण'पासून आला. व्रतासाठी मुद्दाम केलेले अन्न अळणी असते. तेथे दोष नाही. भाषण अळणी झाले, की मात्र तो दोषच. आणि ते टाळू पाहणारा हकिगतीला तिखटमीठ लावतो.

'मिळमिळीत' या शब्दात उणीव कशाची, हे सांगितलेलेच नाही. तरीही सर्वांत कठोर प्रयोग त्याचाच आहे : 'मिळमिळीत सौभाग्यापेक्षा ढळढळीत वैधव्य बरे.' विधवेचे जिणे किती दुःसह होते हे जाणणाऱ्या समाजाने ही म्हण घडविली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इंग्रजीतून आलेल्या 'बोअर'ला असा ताटाचा इतिहास नाही. त्यामुळे व्याख्यान बोअर होते. वरण अजून बेचवच होते.