हातांना विचार शिकविणारी शाळा

अभियांत्रिकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बारावीनंतरचे महाविद्यालय उभे राहते. तथापि अभियंत्याची पदवी आणि अभियंत्याची विचारपद्धती या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरज नेमकी ओळखावी, हाती असलेल्या साहित्याची मर्यादा जाणावी, करून पाहावे, फसले तर कारण शोधावे आणि पुन्हा करावे, ही ती पद्धती होय. ती लहान मुलालाही साधते, हे शिक्षणाच्या इतिहासाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात १७८२ साली जन्मलेले फ्रीडरिश फ्रोबेल हे एका ल्यूथरन धर्मोपदेशकाचे पुत्र. बर्लिन येथे स्फटिकशास्त्राचे प्राध्यापक वाइस यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. पुढे १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी बालशिक्षणाची संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्यांनी घडविलेल्या खेळसाहित्याला ते 'देणग्या' म्हणत. तिसरी देणगी म्हणजे आठ समान तुकड्यांत विभागलेला एक लाकडी घन. मूल त्यातून खुर्ची रचते, पूल रचते, मनोरा उभारते. मनोरा कोसळला तर शिक्षकाला चूक दाखवावी लागत नाही. ती ठोकळेच दाखवितात, तेही न रागावता.

भिजविलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे करणे हाही फ्रोबेल यांच्या पद्धतीतील एक खेळ. अधू दृष्टीच्या एका अमेरिकन बालकाला त्यात स्पर्शानेच उमगले की चौकोन डळमळतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. भूमितीय घुमटांसाठी पुढे विख्यात झालेले बकमिन्स्टर फुलर ते हेच. ही आठवण त्यांनी स्वतःच सांगून ठेविली आहे.

प्रशियाच्या सरकारने १८५१ साली अशा बालशाळांवर बंदी घातली. ती १८६० साली उठली. फ्रोबेल मात्र १८५२ सालीच निवर्तले होते. विचार मात्र सीमा ओलांडून गेला. फिनलंडमध्ये धर्मोपदेशक उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली ग्रामीण शाळांतील मुलग्यांना हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. स्वीडनमध्ये नेस येथे ओटो सालोमन यांनी देशोदेशीच्या शिक्षकांना ही विद्या दिली. मुलांना सुतार बनविणे हा त्यांचा हेतू नव्हता. हात, डोळा व बुद्धी यांचा मेळ घालणे हा होता. परंतु ठरावीक नमुन्यांच्या मालिकेमुळे नमुन्याबरहुकूम वस्तू करण्यातच मूल अडकण्याचा धोका त्यात होता.

आपल्या महाराष्ट्रात ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने 'नई तालीम'ची योजना आखली. हस्तोद्योगातील प्रत्येक क्रियेमागील कारण मुलाला कळावे, हा महात्मा गांधींचा आग्रह होता. पण मुलांच्या श्रमाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा की नाही, याच वादाने पुष्कळ जागा व्यापली. चातीवर चाललेल्या विचाराऐवजी सुताच्या किमतीकडे लक्ष गेले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००१ साली शालेय अभ्यासक्रमात अभियांत्रिकीचा समावेश केला. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने २००३ पासून प्राथमिक वर्गांसाठी धडे रचले. त्यांची सूत्रे पाच: विचारा, कल्पना करा, योजना आखा, घडवा, सुधारा. आपल्याकडे २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सहावी ते बारावीसाठी आहेत. धाकट्यांचा विचार आपल्यालाच करावयाचा आहे.

या साऱ्या इतिहासाचा बोध एकच. वस्तू मोठी झाली की विचार लहान होतो. ज्या शाळेत 'सुधारा' या पायरीला वेळ नसतो, तेथे चूक म्हणजे केवळ तांबडी रेघ ठरते.

आपल्या घरोघरी नाताळात बांबूच्या कामट्यांचा तारा बनतो. त्यातही त्रिकोणच ताऱ्याला ताठ ठेवितात. तो तारा वाकडा झाला तर आपण वडीलधाऱ्यांनी चटकन हातातून घेऊन सरळ करू नये. कोणती गाठ सैल राहिली, एवढेच विचारावे आणि थोडे थांबावे. शेजारच्या ओट्यावरच्या ताऱ्यापेक्षा आपला तारा किंचित कलता लोंबेल. पण त्याची प्रत्येक गाठ आपल्या मुलाला ठाऊक असेल.