अंटार्क्टिक क्रिलचे वितरण आणि सागरी प्रवाह

अंटार्क्टिक क्रिल (शास्त्रीय नाव: युफॉसिया सुपर्बा) हा दक्षिणी महासागरात मोठ्या थव्यांनी राहणारा, कोळंबीसारखा दिसणारा कवचधारी प्राणी आहे. त्याची लांबी सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत असते. प्रौढ क्रिल पोहू शकतो. मात्र शेकडो किलोमीटरच्या अंतरावर त्याचा प्रसार मुख्यतः सागरी प्रवाहांमुळे होतो.

वितरण

अंटार्क्टिक परिध्रुवीय प्रवाह अंटार्क्टिका खंडाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. क्रिल खंडाच्या सर्व बाजूंना आढळत असला, तरी त्याचे वितरण समान नाही. निम्म्याहून अधिक साठा ० ते ९० अंश पश्चिम रेखांशांदरम्यान, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प व स्कोशिया समुद्राच्या परिसरात असतो. १९६२ मध्ये जेम्स मार यांनी ‘डिस्कव्हरी’ मोहिमांत गोळा झालेल्या नमुन्यांच्या आधारे क्रिलच्या भौगोलिक वितरणावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला.

जीवनक्रम आणि प्रवाह

मादी उन्हाळ्यात अंडी घालते. ती पाण्यापेक्षा जड असल्याने शेकडो मीटर खोल बुडतात. त्यांतून बाहेर पडलेले डिंभ वाढत असताना हळूहळू पृष्ठभागाकडे येतात. पाण्याचे वरचे व खालचे थर वेगवेगळ्या दिशांनी आणि वेगांनी वाहत असल्यामुळे, डिंभ कोणत्या खोलीवर किती काळ राहतो यावर त्याचा पुढील मार्ग अवलंबून असतो. हिवाळ्यात डिंभ समुद्रावरील बर्फाच्या खालच्या पृष्ठभागावर वाढणारी शैवाले खातात आणि सरकत्या बर्फासोबतही दूर जातात.

साउथ जॉर्जिया

साउथ जॉर्जिया बेटाजवळ क्रिल विपुल असतो, परंतु तेथे त्याचे यशस्वी प्रजनन क्वचितच होते. तेथील साठा प्रामुख्याने द्वीपकल्पाकडून स्कोशिया समुद्र ओलांडून येणाऱ्या प्रवाहांवर टिकून असतो. ज्या वर्षी हा पुरवठा घटतो, त्या वर्षी बेटावरील मॅकरोनी पेंग्विन व अंटार्क्टिक फर सील यांच्या पिलांना अन्न कमी पडते आणि प्रजननाचे यश खालावते.

संवर्धन

क्रिलची व्यापारी मासेमारी मुख्यतः याच सागरी पट्ट्यात होते. अंटार्क्टिक सागरी सजीव संपदेच्या संवर्धनासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १९८२ मध्ये अंमलात आला. मासेमारीचे नियमन करताना क्रिलवर जगणाऱ्या प्राण्यांचाही विचार व्हावा, हे त्याचे तत्त्व आहे. प्रवाहाच्या उगमाकडील क्रिल घटल्यास त्याचा परिणाम दूरच्या बेटांपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे केवळ बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित करणे पुरेसे ठरत नाही.