करड्या-काळ्यातली आई

लंडनच्या चेल्सी भागात १८७१ साली चित्रकार जेम्स व्हिसलर समुद्रकाठच्या एका मुलीचं चित्र काढत होता. मॉडेल म्हणून बसणाऱ्या पोरीनं ऐन वेळी दगा दिला, आणि त्यानं घरातच राहणाऱ्या आईला, ॲनाला, उभं केलं. वय सदुसष्टच्या आसपास. दोन-तीन दिवस ती नेटानं उभी राहिली. मग पाय बोलायला लागले आणि मुलानं खुर्ची दिली. ही हकीकत तिनंच बहिणीला पत्रातून कळवली आहे. एवढी गाजलेली ती बैठक म्हातारीच्या दमण्यातून आली!

चित्रात घडत काहीच नाही. बाई आपल्याकडे बघतसुद्धा नाही. काळा झगा, मांडीवर हात, त्यात रुमाल, भिंतीवर मुलाचंच एक जुनं एचिंग. जी उदासी आपण तिच्या चेहऱ्यावर शोधतो, ती मला भिंतीत सापडते. व्हिसलर तेलरंग इतका पातळ करी की त्याला तो ‘सॉस’ म्हणे; आपण सार म्हटलं असतं. असा रंग कॅनव्हासवर बसत नाही, मुरतो. विणीचे धागे दिसत राहतात. दाट रंगात चेहरा पुढे आला असता. इथे तो भिंतीपासून धड सुटतही नाही. पांढरं राखलं आहे ते टोपीला, मनगटांना आणि रुमालाला.

नाव ठेवलं ‘करड्या आणि काळ्या रंगाची मांडणी’. आईचा उल्लेख नंतर. आई माझी, लोकांना तिचं काय, असा त्याचा सवाल. पण रॉयल अकॅडमीनं १८७२ साली चित्र जवळजवळ नाकारलंच होतं. अकॅडमीचा सदस्य विल्यम बॉक्सॉल यानं राजीनाम्याची धमकी दिली तेव्हा कुठे ते भिंतीवर लागलं. लेखक थॉमस कार्लाईलला मात्र ते भावलं, तोही तसाच बाजूनं बसला, आणि त्याचं चित्र ‘मांडणी क्रमांक २’ झालं. आईला ‘क्रमांक १’ मिळाला तो असा. १८९१ साली फ्रेंच सरकारनं ते विकत घेतलं.

पण लोकांनी ‘मांडणी’ कधी म्हटलंच नाही. ‘व्हिसलरची आई’च म्हणत राहिले. १९३४ साली अमेरिकेनं मातांच्या सन्मानार्थ तीन सेंटचं तिकीट काढलं. त्यावर चित्र कापून घेतलं, आणि मोकळी जागा बघवली नाही म्हणून की काय, कोपऱ्यात फुलांची कुंडी ठेवली.