डिझेलमध्ये शिरलेला समुद्र

3 जानेवारी 1993. लायबेरियाचा झेंडा लावलेलं ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज नॉर्वेतल्या मोंगस्टाडहून कॅनडातल्या क्विबेककडे निघालं. पोटात सुमारे 84,700 टन कच्चं तेल, जहाजावर 34 माणसं. जहाज बुडवलं ते या तेलाने नव्हे, जहाजाच्या स्वतःच्या डिझेलने.

4 जानेवारी. वादळ. डेकवर बांधून ठेवलेले सुटे पोलादी पाइप निसटले आणि लाटांबरोबर इकडून तिकडे आपटू लागले. जवळच डिझेल टाक्यांच्या हवेच्या नळ्या होत्या. टाकीतून इंधन जाईल तशी हवा आत यावी लागते, त्यासाठी त्या असतात. लहान होडीच्या आउटबोर्डच्या टाकीला झाकणावरचा छोटा स्क्रू हेच काम करतो. तो बंद राहिला तर मोटर थोडी चालून गुदमरते. उघड्या तोंडावरून लाट गेली तर पाणी आत. ‘ब्रेअर’च्या नळ्याच मोडल्या. पाइप सुटलेले दिसत होते, तरी पुन्हा बांधले गेले नाहीत. माझ्या मते जहाज तिथेच गेलं; बाकीचा फक्त हिशेब.

मध्यरात्रीच्या सुमारास. बॉयलर पेटेना. मुख्य इंजिन जाड तेलावर चालायचं. ते पातळ राहायला वाफ हवी, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला डिझेल. डिझेलच्या टाकीत खारं पाणी निघालं. खालून काढत राहिले तरी ते संपेना.

पहाटे अडीचच्या आसपास. जाड तेल गार होत चाललं म्हणून मुख्य इंजिनही डिझेलवर घेतलं. त्याच डिझेलवर! अडचणीला म्हणून ठेवलेली वाट आणि बिघडलेली वाट एकाच टाकीतून जात होती.

4:40. मुख्य इंजिन बंद. पाठोपाठ जनरेटर. जहाजावर अंधार. शेटलंड बेटांचं सम्बरा टोक उत्तरेला जेमतेम दहा मैल, आणि वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे किनाऱ्याकडे ढकलणारा.

5:19. लर्विकच्या तटरक्षकांना कळवलं गेलं: इंजिन बंद आहे, पण तातडीचा धोका नाही. कुठल्या हिशेबाने नाही, देव जाणे. तटरक्षकांनी मात्र हेलिकॉप्टरं हलवली.

8:54. काही जणांना आधीच उतरवलं होतं; आता उरलेली माणसंही उतरवली गेली. सगळे वाचले. पण ओढनौकेचा दोर झेलायला जहाजावर कोणी उरलं नाही. ‘स्टार सिरियस’ ही ओढनौका पोहोचल्यावर काही जणांना हेलिकॉप्टरने परत जहाजावर सोडलं. दोर हाती लागलाच नाही.

11:19. जहाज किनाऱ्यावरच्या गार्थ्स नेसच्या खडकांवर आदळलं. पहिल्या धक्क्यापासून तेल वाहू लागलं आणि काही दिवसांत सगळं समुद्रात गेलं. तेल हलकं होतं, वादळाने ते विखुरलं. तरी त्या भागात मासेमारी थांबली आणि मत्स्यशेतीतले सॅल्मन मासे नष्ट करावे लागले.

या अपघातानंतर झालेल्या लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशीचा अहवाल 1994 मध्ये आला. त्यानंतर ब्रिटनच्या किनाऱ्यावर संकटकाळासाठी ओढनौका तैनात झाल्या.

धडा लहान होडीलाही लागू आहे. होडीला जादा आउटबोर्ड बसवणार असाल तर दोन्ही इंजिनं पेट्रोलवर असली तरी जादा इंजिनाची टाकी, नळी आणि पाणी गाळणारा फिल्टर वेगळाच ठेवा. टाकीवर आपटेल असं काही मोकळं सोडू नका.