केसाच्या मुळाशी

वैद्यकाच्या अभ्यासक्रमात मुरमांच्या वाट्याला जेमतेम एखादे व्याख्यान येते. हृदय-मूत्रपिंडांच्या रांगेत हा आजार पोरकट वाटतो, आणि घरी ‘वयच आहे तसे’ म्हणून तो निकालात निघतो. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला माझे सांगणे एवढेच, की मुरूम हा चेहऱ्याच्या स्वच्छतेचा प्रश्न नाही. तो केसाच्या मुळाशी असलेल्या एका सूक्ष्म अवयवाचा दाहजन्य आजार आहे. या अवयवाची नीट ओळख झाली की वरवर असंबद्ध दिसणारे कितीतरी त्वचारोग एका कुळातले दिसू लागतात.

चेहरा, छाती आणि पाठ येथे केस बारीक असले तरी त्यांना जोडलेल्या तैलग्रंथी मोठ्या असतात. वयात येताना अँड्रोजेनमुळे त्या फोफावतात. हे संप्रेरक मुलींच्या शरीरातही असते. सुश्रुतानेही मुखदूषिका तरुणांच्याच तोंडावर सांगितली आणि तिच्या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली. तेल वाढते, नलिकेच्या आतल्या पेशी झडून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि डोळ्यांना न दिसणारे बूच तयार होते. तोंड उघडे राहिले तर त्या बुचाचे टोक काळे दिसते. तो काळेपणा मळाचा नसून मुख्यतः मेलॅनिनचा असतो, त्यामुळे दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड घासणाऱ्या मुलांच्या पदरी फक्त सोललेली कातडी पडते.

जंतूंची बाजू याहून गमतीची आहे. 2016 पासून ज्याला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणतात तो जंतू नितळ चेहऱ्यावरही सुखाने नांदत असतो. फरक संख्येपेक्षा त्याच्या पोटजातींत दिसतो. दाह सर्वांत शेवटी येतो ही जुनी समजूतही आता टिकत नाही. इंग्लंडमधील लीड्सच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवले, की मुरूम होण्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या वरकरणी निरोगी त्वचेतही केसमुळांभोवती दाहक पेशी आधीच जमलेल्या असतात.

उपचारांचा सगळा ताल यावरून ठरतो. आज दिसणाऱ्या पुळीची तयारी काही आठवड्यांपूर्वी झालेली असते. म्हणून रेटिनॉइडचे मलम एकेका पुळीवर टेकवून भागत नाही. ते सगळ्या भागावर लावायचे आणि आठ ते बारा आठवडे धीर धरायचा. जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड असावे. नुसती प्रतिजैविके महिनोन्‌महिने देत राहिल्याने प्रतिरोधी जंतू तेवढे वाढले. गंभीर मुरमांसाठी अमेरिकेत 1982 मध्ये मान्यता मिळालेले आयसोट्रेटिनॉइन तैलग्रंथीच आक्रसवते, आणि इतके परिणामकारक दुसरे औषध अजून नाही. मात्र गर्भावर त्याचे भयंकर परिणाम होतात. स्त्रीरुग्णाशी गर्भनिरोधाबद्दल स्पष्ट बोलण्याची ज्या डॉक्टरला लाज वाटते, त्याने हे औषध लिहू नये.

आहाराची कथा शिकवण्याजोगी आहे. 1969 मध्ये अमेरिकेत 65 जणांना काही आठवडे चॉकलेट किंवा चॉकलेटविरहित वडी देण्यात आली. मुरमांत फरक पडला नाही, आणि पुढची कित्येक वर्षे ‘खाण्याचा काही संबंध नाही’ हे ब्रह्मवाक्य ठरले. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढेच होते! 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार दिल्यावर तरुणांचे मुरूम कमी झालेले दिसले. आजीचे सगळेच पथ्य खरे ठरले असे नव्हे, पण दार पुन्हा उघडले.

चॉकलेटच्या त्या प्रयोगात तुरुंगातले कैदीही होते. त्याचे एक कर्ते आल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइनला मुरमांच्या उपचारात आणले; फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे प्रयोग करणारेही तेच. या शास्त्राचा इतिहास शिकवताना दुसरी गोष्ट गाळू नये.

आता कुळातल्या थोरल्या आणि सर्वांत उपेक्षित भावंडाकडे वळू. काखेत, जांघेत पुन्हापुन्हा गळवे येतात. घरी त्यांना काखमांजरी म्हणतात, दवाखान्यात चीर देतात, चार महिन्यांनी शेजारी दुसरे उठते. हळूहळू कातडीखाली बोगदे तयार होतात, व्रण आखडतात, वासामुळे माणूस लोकांत मिसळणे सोडतो. हा हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. 1854 मध्ये पॅरिसच्या व्हेर्नॉय यांनी त्याचे खापर घर्मग्रंथींवर फोडले आणि नावही त्यावरूनच रूढ झाले. प्रत्यक्षात येथेही बूच बसते ते केसाच्या नलिकेलाच. 2010 मध्ये काही चिनी कुटुंबांत गॅमा-सिक्रिटेजच्या जनुकांतले दोष सापडले. 2015 मध्ये ॲडालिमुमॅबला मान्यता मिळाली आणि चीर-पट्टीच्या पुढे काही असते हे मान्य झाले. धूम्रपान व लठ्ठपणा यांचा या आजाराशी संबंध आहे, पण रुग्णाला दोषी ठरवून त्याचे गळू बरे होत नाही.

रोझेशियाला स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात बुचे नसतात, एवढी खूण येथे पुरे.

आपल्याकडचा मोठा घोटाळा औषधाच्या दुकानात होतो. गोरे होण्यासाठी, डाग जाण्यासाठी म्हणून स्टेरॉइडमिश्रित मलम चिठ्ठीशिवाय मिळते. आठवडाभर चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुळ्यांचे पीक येते, आणि मलम थांबवले की आग आग होते. 2018 मध्ये अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आला, तरी काउंटरवरचा व्यवहार फारसा बदललेला नाही. आपल्या वर्णाच्या त्वचेवर मुरूम गेल्यावरही काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, आणि बहुतेक जण याच डागांपायी या मलमांकडे वळतात. म्हणून डागांचे प्रकरण या पुस्तकात मुरमांच्या लगेच मागे ठेवले आहे. दवाखान्यात बसणाऱ्याने तेच आधी वाचावे.