लग्नातली एस्प्रेसो आणि घरातलं यंत्र



घरासाठी एस्प्रेसो यंत्र घ्यावं का, आणि घेतलं तर कोणतं, असं सध्या बऱ्याच जणी विचारतात. मुलं नोकरीला लागली की बाहेरच्या कॉफीची सवय लागते आणि मग घरी मागणी सुरू होते. किमती मी सांगत बसत नाही, त्या रोज बदलतात. इतिहास सांगते, कारण दुकानाच्या फळीवर दिसणारे प्रकार म्हणजे इतिहासातले टप्पेच आहेत. आपल्या घरातल्या पाण्याच्या नियमांशी प्रत्येकाचं जमतंच असं नाही.

ठाणे-डोंबिवलीत आपल्यापैकी अनेकींनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो लग्नाच्या हॉलमध्ये, तोही ‘एक्स्प्रेसो’ असा. उभं चकचकीत यंत्र, स्टीलच्या जगात दूध, साखर आणि कॉफी पावडर, त्यात वाफेची नळी, कानठळ्या बसवणारा आवाज आणि वर कोकोची चिमूट. चव मस्त असायची, पण ती एस्प्रेसो नव्हती, वाफेने फेसाळलेली दुधाची कॉफी होती. आणखी एक गोष्ट. हॉलमध्ये कांदा-बटाटा नाही म्हणून आपण निर्धास्त असायचो, पण बाजारातल्या कितीतरी झटपट कॉफी पावडरींत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. सुंठ-हळद चालते तशी ती चालते का, हे आपापल्या महाराजांना विचारावं. आमच्याकडे चालत नाही.

आता मूळ गोष्ट. इटलीतल्या तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी 1884 मध्ये वाफेवर चालणारं कॉफीचं यंत्र दाखवलं. ते एकदम पुष्कळ कॉफी काढायचं. मिलानच्या लुइजी बेत्झेरा यांनी 1901 मध्ये त्यात मोठा बदल केला: मूठ असलेल्या छोट्या गाळणीत एका कपापुरती पूड घ्यायची आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्यासाठी ताजी कॉफी काढायची. ते हक्क देसिदेरिओ पावोनी यांनी विकत घेतले आणि 1906 च्या मिलान प्रदर्शनात ही कॉफी लोकांनी पाहिली. पण दाब सगळा वाफेचाच. तो जेमतेम दीड-दोन बार, म्हणजे आपल्या कुकरपेक्षा फार जास्त नाही. वाफेबरोबर पाणीही फार तापायचं आणि कॉफी करपट लागायची.

ही अडचण मिलानच्याच आकिले गाज्जिया यांनी सोडवली. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 च्या सुमारास, त्यांचं दांड्याचं यंत्र आलं. दांडा ओढला की आतली स्प्रिंग दट्ट्या दाबते आणि पाणी आठ-नऊ बारने पुडीतून जातं. कपावर सोनेरी साय आली ती तेव्हा. वाफेचं काम वेगळं आणि दाबाचं वेगळं, इतकी साधी गोष्ट सुचायला जवळजवळ अर्धं शतक लागलं! पुढे 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला.

मुंबईत 1936 मध्ये चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस सुरू झालं, पण आपली जुनी कॉफी गाळलेली. माटुंग्याच्या घरांतला पितळी फिल्टरही तसाच. यंत्राची सवय इकडे फार उशिरा आली.

आता फळीकडे बघा. स्वस्तातलं छोटं वाफेचं यंत्र म्हणजे बेत्झेरांचंच तत्त्व. पाणी दर वेळी मोजून घालायचं आणि झाकण आवळायचं. पाण्याच्या दृष्टीने चांगलं, चवीच्या दृष्टीने मध्यम. पंपाचं यंत्र म्हणजे ई-61 चं घरगुती रूप. कॉफी उत्तम, पण मागे टाकी असते. टाकीत दोन-तीन दिवसांचं पाणी, खाली ठिबकणाऱ्या पाण्याचा ट्रे, आतल्या नळ्यांत उरलेले थेंब. आपल्याकडे गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटांची. टाकी रोज रिकामी करता येते, पण नळ्या पुसता येत नाहीत. विक्रेत्याला हे विचारलं की तो फक्त ‘फिल्टर आहे ना मॅडम’ म्हणतो. तो फिल्टर क्षारांसाठी असतो. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत तो लागतोच, पण आपला प्रश्न वेगळा.

म्हणून माझं मत हाताने दाबायच्या यंत्राला. त्यात बॉयलर नाही, टाकी नाही, वीज नाही. गाळून उकळलेलं पाणी वरून ओतायचं, दांडा दाबायचा, सगळे भाग सुटे करून धुवायचे आणि कोरडे पुसून ठेवायचे. दुधाला वाफ मिळत नाही, पण तापवलेलं दूध रवीने घुसळलं तरी छान फेस येतो. दाबायला मनगटात जोर लागतो, सांधे दुखत असतील त्यांनी दुकानात आधी दाबून बघावं. तेही नको असेल तर 1933 पासूनचं बियालेत्ती यांचं मोका भांडं आहे, गॅसवर ठेवायचं. एस्प्रेसोइतका दाब नाही, पण दाट कॉफी होते आणि पाणी दर वेळी ताजंच.

यंत्राबरोबर पुडीकडेही बघा. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापावं लागतं आणि मिश्रणात ती 49 टक्क्यांपर्यंत असू शकते. ‘शुद्ध कॉफी’ असं लिहिलेलंच घ्या किंवा चिकमगळूरच्या बिया आणून दळून घ्या. फिल्टरपेक्षा बारीक, पण पिठासारखी नको. दोन छोट्या कपांना साधारण 18 ग्रॅम पूड, आणि धार 25 ते 30 सेकंदांत पूर्ण व्हायला हवी. त्याआधीच संपली तर पुढच्या वेळी आणखी बारीक दळून घ्या. उरलेला चोथा ओला ठेवू नका, लगेच उन्हात वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळा. आणि चौविहार पाळणाऱ्या घरी मुलांना आधीच सांगून ठेवा: ऑफिसातून साडेआठची लोकल पकडून आलात तर कॉफी सकाळी.