भाड्याच्या घराची रांग

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि लांबलचक मोटारी येतात. रॉकेलच्या रांगेसारखी रांग काही येत नाही. पण ११ ऑगस्ट २०१० रोजी जॉर्जिया राज्यातल्या ईस्ट पॉइंट या लहानशा शहरात सुमारे तीस हजार माणसं भर उन्हात जमली. उकाड्यानं आणि रेटारेटीनं साठावर लोकांना वैद्यकीय मदत द्यावी लागली. घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते, तिच्या प्रतीक्षायादीत नाव घालण्याचा नुसता अर्ज मिळावा म्हणून ही गर्दी होती!

या रांगेचं मूळ १९३७ सालात आहे. महामंदीचे दिवस. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी गृहनिर्माण कायद्यावर सही केली. पैसा वॉशिंग्टनचा; घरं बांधायची, अर्ज घ्यायचे, भाडेकरू निवडायचे ते स्थानिक गृहनिर्माण मंडळांनी. आपल्या म्हाडासारखी म्हणा, पण शहरागणिक वेगळी. कारभार स्थानिकांच्या हाती आला, तसे स्थानिक पूर्वग्रहही आत आले. कितीतरी शहरांत गोऱ्यांच्या वसाहती वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या उभ्या राहिल्या.

आणखी एक गोम होती. बांधकामाला सरकारी पैसा, पण देखभालीचा खर्च भाड्यातून काढायचा. महागाई वाढली तशी भाडी चढली. सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो नावाची अकरा मजली तेहतीस इमारतींची वसाहत होती. १९६९ साली त्या शहरातल्या सरकारी घरांतल्या भाडेकरूंनी भाडं देणंच बंद केलं. हा संप अनेक महिने चालला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रूक यांनी कायद्यात दुरुस्ती करून घेतली. जनतेनं थेट निवडून दिलेले ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. दुरुस्ती साधी होती : सरकारी घरातल्या भाडेकरूकडून त्याच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. मला या साऱ्या इतिहासात हे कलम सर्वांत मोलाचं वाटतं. तोवर इमारतीच्या खर्चावरून भाडं ठरे; आता भाडेकरूच्या खिशाकडे बघून ठरू लागलं. पुढे १९८१ मध्ये हा हिस्सा तीस टक्के झाला.

१९७३ मध्ये निक्सन यांनी नव्या सरकारी घरबांधणीची मदत रोखली. १९७४ च्या कायद्यानं नवी वाट काढली. भाडेकरूनं खाजगी मालकाचं घर शोधावं, आपला हिस्सा भरावा, उरलेलं भाडं मंडळ परस्पर मालकाला देईल. ‘सेक्शन एट’ म्हणतात ते हेच. आजचं त्याचं कुपनाचं रूप १९९८ च्या कायद्यातून आलं.

अर्जात कुटुंबात माणसं किती, उत्पन्न किती, हे लिहायचं. पैसे पडत नाहीत. मात्र यादी उघडलेली हवी! न्यूयॉर्कची यादी जवळपास पंधरा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, आठवडाभर उघडली. सहा लाख तेहतीस हजार अर्ज आले. सोडत काढून दोन लाखांना यादीत जागा मिळाली. जागा यादीत, घरात नव्हे. भाड्याची मदत हा तिथं हक्क नाही. संसद त्या वर्षी जेवढा पैसा देईल तेवढ्यांनाच ती मिळते. पात्र कुटुंबांपैकी चारांत साधारण एकाला.

कुपन हाती पडल्यावर घर शोधायला निदान साठ दिवस मिळतात. इथं मात्र सरकार बाजूला होतं आणि उरतो तो घरमालक. भाड्याचं घर शोधताना फोनवर सगळं जुळत यावं आणि पूर्ण नाव सांगताच ‘अहो, कालच दिलं’ असं ऐकावं, हे मी आपल्याच शहरांत बऱ्याचदा अनुभवलंय. त्यामुळे तिथल्या कुपनवाल्याची गत मला समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेत वंश किंवा धर्म बघून घर नाकारायला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, एप्रिल १९६८ मध्ये, कायद्यानं बंदी झाली. पण कुपन बघून नाकारायला देशभर बंदी नाही. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी ती आपापल्या कायद्यानं घातली. बाकी पुष्कळ ठिकाणी मालक सरळ नाही म्हणतो. मुदत आणि तिची वाढ संपली की कुपन मंडळाकडे परत जातं आणि यादीतल्या पुढच्या नंबराला पत्र निघतं.